विश्लेषण : विहिरीत टीसीएल पावडर किती टाकायची? क्लोरीनचा उपयोग काय, धोका कुठे?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक जणांचा जीव गेला. पूर ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर चिखल होता, विहिरी गढूळ पाण्याने भरल्या होत्या आणि नळाला येणाऱ्या पाण्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. त्याआधी वर्षभर, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे नळ कोरडे.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर गावात एक पांढरी, उग्र वासाची पावडर पोहोचतेच. तिला कुणी ब्लीचिंग म्हणते, कुणी टीसीएल. ग्रामपंचायतीच्या खोलीत तिची गोणी वर्षभर असते. ती पाण्यात टाकतात, गटारात टाकतात, मोरी घासायला नेतात, आणि पाहुणे येणार असतील तर रस्त्याच्या कडेला तिची रेघही ओढतात. ती कमी पडली तर कावीळ, जुलाब, कॉलरा. ती चुकीच्या वस्तूत मिसळली तर बंद न्हाणीघरात विषारी वायू. एकाच पावडरीच्या या दोन टोकांमधले अंतर फार नाही, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

पावडर, द्रव, गोळी आणि वायू : हे सगळे एकच का?

मूळ एकच, क्लोरीन. रूपे वेगवेगळी. क्लोरीन वायू विरलेल्या कोरड्या चुन्यावरून नेला की ब्लीचिंग पावडर तयार होते. स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट यांनी १७९९मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. जंतू मारण्याचा उपयोग नंतर कळला. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते, त्यामुळे सहकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. १९०८मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात नियमित क्लोरीन मिसळायला सुरुवात केली.

ताज्या, चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपयोगी पडणारे क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. जलतरण तलावासाठी मिळणारे दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट त्याच्या दुप्पट, म्हणजे ६५ ते ७० टक्क्यांचे. रुग्णालयात आणि घरी वापरतात तो द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याची तीव्रता बाटलीगणिक बदलते, म्हणून ‘एक झाकण बादलीभर पाण्यात’ असा सरसकट हिशेब करता येत नाही. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या आणि द्रवाच्या छोट्या बाटल्या मिळतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटर पाण्याला पुरते. मोठी जलशुद्धीकरण केंद्रे आणि कारखाने मात्र थेट वायू वापरतात. तो दाबाखाली द्रवरूप करून लोखंडी टाक्यांत भरलेला असतो.

पाण्यात पडल्यावर काय होते?

पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. खरा मारेकरी हाच. तो जंतूच्या आवरणातून आत शिरतो आणि त्याची यंत्रणा मोडतो. कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जिवाणू त्याच्यापुढे फार टिकत नाहीत. काही विषाणू अधिक चिवट असतात. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींच्या कवचावर तर नेहमीच्या मात्रेचा परिणाम तोकडा पडतो. त्यांच्यासाठी गाळणी हवी किंवा पाणी उकळायला हवे. ‘टीसीएल टाकली, आता पाणी शंभर टक्के शुद्ध’ असे म्हणता येत नाही ते म्हणूनच.

क्लोरीनला आणखी दोन गोष्टी लागतात : वेळ आणि स्वच्छ पाणी. पावडर टाकल्यावर किमान एक तास पाणी वापरायचे नाही, हा नियम त्यासाठीच आहे. गढूळ पाण्याचा प्रश्न अधिक अवघड. क्लोरीन जंतूंना वेगळे ओळखत नाही, समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी त्याची प्रक्रिया होते. माती, कुजलेली पाने, शेवाळ यांच्यातच ते खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचायला काही उरत नाही. उरलेच तर मातीच्या कणांआड दडलेले जंतू सुटतात. अलिबाग तालुक्यातील अनेक गावे उमटे धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहेत आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते ही तिथली वर्षानुवर्षांची तक्रार. अशा ठिकाणी पावडरीची मात्रा वाढवणे हा उपाय अर्धाच. आधी तुरटी, मग निवळणे, मग गाळणे, आणि सर्वांत शेवटी क्लोरीन हा क्रम उलटवता येत नाही.

एका विहिरीला किती?

स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठीचा ठोकताळा असा की १,००० लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम. किनाऱ्यावरच्या गावातली एखादी गोल विहीर घ्या. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर. पाणी भरते सुमारे २८ हजार लिटर. पावडर लागेल ७० ग्रॅम. म्हणजे ओंजळभरसुद्धा नाही. १० हजार लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. हे आकडे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण विहिरीत पाटीभर पावडर ओतल्याशिवाय काम झाले असे वाटत नाही.

पण हा ठोकताळा पुरानंतर चालत नाही. विहिरीत जितकी घाण, तितकी क्लोरीनची भूक मोठी. ती मोजण्यासाठी आरोग्य विभागात हॉरॉक पेटी वापरतात. तिच्यात सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. पेल्यांत त्याच विहिरीचे पाणी भरतात, काळ्या पेल्यात पावडरीचे द्रावण करतात आणि त्याचे थेंब पहिल्या पेल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे टाकतात. अर्ध्या तासाने सूचक द्रव्य घालून निळा रंग कुठल्या पेल्यापासून दिसतो ते पाहायचे. तिसऱ्या पेल्यापासून दिसला तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागणार. वरच्याच विहिरीला मग ७० ग्रॅमऐवजी पावणेचारशे ग्रॅम लागते. विहीर तीच, पाण्याची पातळीही तीच, पण मात्रा पाचपट. अंदाजाने टाकणारा दोन्हीकडे फसतो.

टाकण्याची पद्धतही महत्त्वाची. कोरडी पावडर वरून भुरभुरली तर ती तळाशी चुना होऊन बसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादली तीन चतुर्थांश भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटे ठेवायची. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने विहिरीत सोडायची, पाण्याखाली वरखाली हलवायची. खाली बसलेला चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. त्याने पाणी जड होते. हे काम रात्री केले तर उत्तम, कारण सकाळी लोक पाण्याला येईपर्यंत तास केव्हाच उलटून गेलेला असतो आणि उन्हात क्लोरीन उडून जाण्याचा प्रश्नही नसतो.

पेण-अलिबागच्या खारेपाटात आणखी वेगळी अडचण आहे. तिथे उन्हाळ्यात पाणी रोज येत नाही. टँकरचे किंवा नळाचे पाणी पिंपात तीन-चार दिवस साठवले जाते. क्लोरीन उघड्या पिंपातून हळूहळू निघून जाते. पहिल्या दिवशी सुरक्षित असलेल्या पाण्यात तिसऱ्या दिवशी कुणी तांब्यासकट हात बुडवला तर त्याला रोखायला काही शिल्लक नसते. पिंपावर झाकण, काढायला लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी, आणि प्यायचे पाणी वेगळे काढून त्यात गोळी, एवढे तिथे टीसीएलइतकेच मोलाचे आहे.

गोणी भरलेली, पण पावडर मेलेली

ब्लीचिंग पावडरीचे तीन शत्रू : ओल, ऊन आणि हवा. कोकणच्या किनाऱ्यावर पहिला आणि तिसरा बारमाही हजर. उघड्या तोंडाची गोणी ओलसर खोलीत महिनाभर राहिली की तिचे गठ्ठे होतात, वास कमी होतो आणि ताकदही उतरते. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेली पावडर पाणी शुद्धीकरणासाठी निकृष्ट धरली जाते. दिसायला ती पांढरीच असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. नियमाप्रमाणे मात्रा टाकली, वहीत नोंद झाली, आणि तरी गावात जुलाबाची साथ आली, या गोष्टीमागे बऱ्याचदा अशी मेलेली गोणी असू शकते. म्हणूनच ग्रामपंचायतींच्या टीसीएलचे नमुने सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासले जातात.

राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल म्हणजे धोका मोठा. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे, पण ग्रामसभेत हा प्रश्न क्वचितच निघतो. गावपातळीवर हे काम करणारा माणूस म्हणजे जलसुरक्षक. नळाचा व्हॉल्व्ह सोडणे, गळती पाहणे, टीसीएल टाकणे, चाचणी करणे हे सगळे बहुतेक ठिकाणी त्याच एका माणसाच्या गळ्यात असते. त्याच्या हातात रबरी मोजे आणि नाकावर मास्क असतोच असे नाही. गोणी उघडताना उडणारी पावडर डोळ्यांत आणि श्वासात जाते, ओल्या हाताला लागली तर कातडी भाजते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याला खोकला आणि दमा जडू शकतो. साठवणीचा खर्च धरला जातो, या माणसाच्या मोज्यांचा नाही.

वास येतो म्हणजे जास्त झाले का?

‘नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून आम्ही विहिरीचेच पितो’ असे किनाऱ्यावरच्या अनेक घरांत ऐकू येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवे. विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. दुसरा चांगला स्रोत नसल्यास १ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने कमाल मर्यादा ५ मिलिग्रॅम सांगितली आहे. अनेकांच्या नाकाला वास त्याच्या बराच आधी कळतो. म्हणजे हलका वास हे विषाचे नव्हे, उलट पाण्याला राखणदार असल्याचे लक्षण. वास नकोसा वाटत असेल तर भांडे तासभर झाकण किलकिले ठेवून राहू द्यावे, तो बराच उतरतो.

राखणदार नसला की काय होते, हे जानेवारी २०२५मध्ये पुण्यात दिसले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग आढळले. हातापायांतील ताकद जाणाऱ्या या आजाराआधी अनेकांना जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून जाणारा जिवाणू मिळाला. तपासणीत काही ठिकाणच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन नव्हतेच, आणि त्यात खासगी ‘आरओ’ केंद्रांचे पाणीही होते. याआधी २०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, तीही पाण्यातूनच.

आरओचा मुद्दा अलिबाग-मुरुडच्या हॉटेलांना आणि लग्नघरांनाही लागू होतो. शुद्धीकरण यंत्रातील कोळशाची गाळणी क्लोरीन शोषून घेते. त्या क्षणी पाणी स्वच्छ असते, पण ते अस्वच्छ जारमध्ये भरले तर वाटेत त्याचे रक्षण करायला काही उरत नाही. थंडगार जार म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत महागात पडू शकते.

कर्करोगाची भीती कितपत खरी?

१९७४मध्ये नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की पाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. या गटाला ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. क्लोरीन टाकलेल्या पिण्याच्या पाण्याचे मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसल्याचे याच संस्थेने म्हटले होते. काही देशांतील अभ्यासांत, दशकानुदशके असे पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसला आहे. तेव्हा भीती अगदीच हवेतली नाही.

किनाऱ्याला इथे एक खास जोड आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. उपसा वाढला की खाडीकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरते आणि ब्रोमाइडही येते. मग क्लोरोफॉर्मऐवजी त्याची ब्रोमीनयुक्त भावंडे तयार होतात. भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, तर ब्रोमोफॉर्मची ०.१ आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनची ०.०६. म्हणजे ही भावंडे अधिक कडकपणे पाहिली जातात. खाऱ्या होत चाललेल्या विहिरींच्या गावांनी प्रयोगशाळेत ही तपासणी करून घेण्याची मागणी करायला हरकत नाही.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे : या उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. एका बाजूला अनेक दशकांनंतरची छोटी शक्यता, दुसऱ्या बाजूला या आठवड्यात बाळाला होणारे जुलाब. उपाय क्लोरीन बंद करण्यात नाही, तर ते टाकण्याआधी पाणी नीट गाळण्यात आहे. सेंद्रिय गाळ कमी, तर उपपदार्थही कमी.

सर्वांत मोठा धोका घराच्या मोरीत

विहिरीवर ७० ग्रॅम मोजून टाकणारे लोक न्हाणीघरात मात्र हातचलाखी करतात. गणपतीआधीची साफसफाई, भाड्याने द्यायची खोली, किनाऱ्यावरच्या कॉटेजचे शौचालय. फरशीवरचा पिवळा डाग निघत नाही. आधी ब्लीचिंग टाकून झालेले असते, मग वरून ‘ॲसिड’ ओतले जाते. दोन्ही एकत्र केले तर दुप्पट स्वच्छ होईल, हा सरळ तर्क. पण शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि आम्ल ब्लीचिंगला भेटले की त्यातले क्लोरीन वायूच्या रूपात मोकळे होते. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला, तोच हा वायू. चार बाय सहाच्या खोलीत, खिडकी बंद, दार ओढलेले आणि उकिडवे बसून घासणारा माणूस. वायू हवेच्या अडीचपट जड असल्याने तो फरशीलगतच, म्हणजे त्या माणसाच्या नाकापाशी साचतो.

व्हिनेगर, लिंबूसत्त्व, गंज काढायचे द्रव हीसुद्धा आम्लेच. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव किंवा साचलेले मूत्र यांच्याशी ब्लीचिंग मिसळले तर क्लोरामाइन वायू तयार होतात. तेही फुप्फुसाला घातक. साधा नियम असा की क्लोरीनच्या पदार्थात साध्या गार पाण्याशिवाय काहीही मिसळायचे नाही. एक द्रव वापरला असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, दुसरा दुसऱ्या दिवशी.

डोळे झोंबणे, घसा जळजळणे, कोरडा खोकला, छाती आवळणे ही पहिली लक्षणे. तेव्हाच सगळे सोडून बाहेर, मोकळ्या हवेत यायचे. ‘एवढे घासून होऊ दे’ ही जिद्द जिवावर बेतू शकते. जास्त वायू छातीत गेला असेल तर फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. त्यामुळे आता बरे वाटते म्हणून घरी थांबणे शहाणपणाचे नाही. दमेकरी, लहान मुले आणि वृद्धांना कमी वायूही पुरतो. डोळ्यांत गेले असेल तर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवायचे. द्रव प्यायला गेला तर तोंड धुवायचे, पण उलटी करवायची नाही, कारण वर येताना तो अन्ननलिका पुन्हा भाजतो. १०८ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची. सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत हायपोक्लोराइट भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. मुलांच्या अपघातांचे ते एक मोठे कारण ठरते.

रिसॉर्टचा तलाव : वास कशाचा?

नागाव, काशीद, दिवेआगरच्या पट्ट्यात पोहण्याचे छोटे तलाव जागोजागी झाले आहेत. तलावाला उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, असे पर्यटक समजतात. प्रत्यक्षात तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरचे तेल यांच्याशी क्लोरीन संयोग पावून तो तयार होतो. म्हणजे तलाव घाणेरडा झाला आहे आणि मुक्त क्लोरीन कमी पडते आहे. डोळे लाल होतात ते यामुळेच. तलावात उतरण्याआधी आंघोळ करण्याची पाटी शिष्टाचारासाठी नसते.

तलाव सांभाळणाऱ्या मुलांसाठी मात्र खरा धोका पंपाच्या खोलीत आहे. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन्ही ‘क्लोरीन’ म्हणूनच विकली जातात. पण ती एकत्र आली, विशेषतः ओलसर असताना, तर भडका उडू शकतो, स्फोटही होतो. एकाच डब्याने दोन्ही मोजणेसुद्धा टाळायचे. डिझेल, ग्रीस, ऑइलचे फडके यांच्याशेजारी ही पोती ठेवायची नाहीत. विरघळवताना पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचे नाही.

पिवळ्या टाकीतला वायू

तळोजा, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड. रायगडमधील या वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत आणि मुंबई-गोवा महामार्गावरून रसायनांची वाहतूक चालते. मोठ्या वापरासाठी क्लोरीन ज्या आडव्या टाक्यांतून येते त्यांना टनर म्हणतात. एकात साधारण ९०० किलो द्रव क्लोरीन असते. हा द्रव एक लिटर गळला तर त्याचे सुमारे ४५० लिटर वायूत रूपांतर होते.

समुद्रापलीकडे, मुंबईतील शिवडीच्या हाजी बंदर येथे १४ जुलै २०१० रोजी बंदराच्या गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळले. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. त्यांत कामगार होते, विद्यार्थी होते, मदतीला धावलेले अग्निशमन जवानही होते. जॉर्डनमधील अकाबा बंदरात २७ जून २०२२ रोजी क्रेनवरून क्लोरीनची टाकी जहाजावर कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. उरणला जेएनपीएसारखे बंदर असलेल्या जिल्ह्याने दोन्ही घटना ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत.

गळती झाल्यास वाऱ्याची दिशा पाहायची. वाऱ्याला आडवे चालत वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि उंचावर जायचे. घरात असाल आणि बाहेर पडणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या बंद करून, फटींत ओली फडकी लावून वरच्या मजल्यावर थांबायचे. गळक्या टाकीवर पाणी मारू नये, हे तर बघ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. ओलाव्याने धातू अधिक वेगाने खातो आणि भोक मोठे होते.

रस्त्यावरची रेघ आणि माणसांवरची फवारणी

गटाराच्या कडेने ओढलेल्या पांढऱ्या रेघेने काय साधते? वास थोडा दबतो आणि काहीतरी केल्याचे दिसते. कोरडी पावडर चिखलावर टाकली की सेंद्रिय घाणीत ती काही मिनिटांत संपते. पुरानंतर भीती असते ती लेप्टोस्पायरोसिसची, आणि त्याचे जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. तिथे रेघेपेक्षा गमबूट, जखम झाकणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कामी येतात. घराची फरशी निर्जंतुक करायची तर आधी चिखल काढून साबणाने धुवायची, मग ३३ टक्क्यांची पावडर लिटरला ३० ग्रॅम घेऊन केलेले एक टक्क्याचे द्रावण वापरायचे, दहा मिनिटे ठेवायचे. हे द्रावण त्याच दिवशी संपवायचे. दुसऱ्या दिवशी त्यात दम उरत नाही.

माणसांवर फवारणीचे तर कारणच नाही. मार्च २०२०च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपोक्लोराइट फवारले गेले आणि देशभर संताप उसळला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी अशी फवारणी करू नये असे स्पष्ट सांगितले. तोवर अनेक सोसायट्या आणि बाजारांच्या दारात फवारणीचे बोगदे उभे राहिले होते.

खाडीचाही विचार व्हावा. माशांना क्लोरीनची अतिशय थोडी मात्राही सोसत नाही, कारण ते थेट कल्ल्यांवर आघात करते. टाकी धुतलेले किंवा तलाव रिकामा केलेले पाणी थेट खाडीत किंवा कोळंबीच्या तळ्याजवळच्या नाल्यात सोडण्याऐवजी दोन-तीन दिवस उन्हात उघडे ठेवले तर त्यातले बरेचसे क्लोरीन निघून जाते.

राहिली चाचणी. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, त्याला ओटी टेस्ट म्हणतात. हे रसायन स्वतःच संशयित कर्करोगकारक आहे. त्यामुळे ते बोटाला लागू द्यायचे नाही, चाचणीचे पाणी ओतून द्यायचे, चुकूनही हंड्यात परत टाकायचे नाही. त्याऐवजी गुलाबी रंग देणारे डीपीडी संच मिळतात, ते अधिक सुरक्षित आणि अधिक नेमके. चाचणी टाकीपाशी नव्हे, तर वाहिनीच्या टोकाच्या घरी करायची. तिथे रंग आला नाही तर टाकीवरच्या नोंदीचा उपयोग नाही, आणि त्या दिवशी त्या आळीने पाणी उकळून प्यायलेले बरे.